इलंय रे, थांब

“एका सेकंदात चाळीस म्हातारी माणसं फोन उचलतात?” स्क्रीनवरची कॉलची नोंद बघत रेवतीने विचारलं. “कुठल्या गावात?”

मिहिरचं हसू तोंडावरच राहिलं. घाटकोपरच्या त्या ऑफिसात सकाळचा चहा नुकताच आला होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करायचा, ‘बरे आहात ना?’ विचारायचं आणि उत्तर आलं नाही तर शेजाऱ्याला कळवायचं, हे काम तिथला एक प्रोग्रॅम करायचा. सगळे त्याला एजंट म्हणत. तो ज्या तयार कोडच्या लायब्ररीवर चालायचा, तिची नवी आवृत्ती मिहिरने परवा चढवली होती. जुना कोड जागोजागी मोडला. जिथे लाल एरर आला तिथे त्याने दुरुस्त केलं. काल सगळं हिरवं, आजही हिरवं. बॉस चंद्रप्रकाश सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर ‘झकास’ लिहिलं. हिरवा रंग दिसला की शहाणी माणसंसुद्धा पुढचं विचारत नाहीत.

“फास्ट झालंय ना पण,” मिहिर म्हणाला. “आधी अर्धा तास लागायचा.”

“कारण ते थांबायचं रे. सरक बाजूला.”

रेवतीने कोड उघडला आणि प्रश्न विचारायच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही का नाही बदललीस?”

“इथे एरर नव्हता.”

“तेच तर. नव्या व्हर्जनमध्ये थांब म्हणून सांगितल्याशिवाय ते थांबत नाही. उत्तराऐवजी हातात टोकन देतं, उत्तर नंतर येईल म्हणून. आपला कोड टोकनलाच उत्तर समजतोय. ‘ठीक’ लिहितोय, फोन कापतोय आणि पुढे.”

डॉक्टरकडे नंबर लावून यावं आणि घरी सांगावं, आता बरं वाटतंय, तसला प्रकार. दोन सकाळी फोन वाजले होते, पण विचारपूस कुणाचीच झाली नव्हती.

दोघांनी यादी वाटून घेतली आणि हाताने फोन लावायला बसली. चहावर साय धरली. “काय रे, दोन दिवस नुसते मिस्ड कॉल मारताय, बॅलन्स संपला का?” मुलुंडच्या एका आजींनी झाडलं. मिहिरला ते बोलणं इतकं गोड लागलं की तो दोनदा “सॉरी आजी” म्हणाला. यादीतलं एकेक नाव खोडलं गेलं.

शेवटी एक राहिलं. भांडुपच्या टेकडीवरचे धोंडिराम.

त्यांचा आवाज ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीचा होता. घरात रेंज फक्त खिडकीत, म्हणून फोन तिथे ठेवलेला, आणि गुडघे पार गेलेले. कितीतरी वेळ रिंग वाजायची. मग धापा टाकत फोन उचलून ते मालवणीत म्हणायचे, “इलंय रे, थांब!” आणि त्यानंतर आज कुठला मासा आणला, ते मशीनला सांगत बसायचे. त्यांच्यासाठी रेवतीने कोडमध्ये वेगळी ओळ घातली होती: यांना जास्त वेळ द्यायचा. ती ओळ अजून जागच्या जागी होती. पण त्या ओळीला आता कुणी विचारत नव्हतं.

रिंग वाजत राहिली आणि संपली. मिहिरने पुन्हा लावला.

“वाजू दे,” रेवती म्हणाली. “वेळ लागतो त्यांना.”

पुन्हा संपली.

“नाही उचलत गं.”

“शेजारी लाव, स्पीकरवर.”

शेजारच्या द्रौपदीताईंनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे नळाचं पाणी भरल्याचा आवाज येत होता.

“मला कुठे आला तुमचा फोन? मी म्हटलं, फोन नाही म्हणजे काका बरे आहेत. आधी मी रोज त्यांची कडी वाजवायचे. तुमचं ते मशीन सुरू झालं तेव्हापासून सोडलं.”

“ताई, आता वाजवा,” रेवती म्हणाली. “आत्ता. फोन चालू ठेवा.”

चपलांचा आवाज आला, मग कडीचा.

“काका! ओ काका!”

कडी पुन्हा वाजली. द्रौपदीताईंचा आवाज एकदम चढला. “आतून बंद आहे! अरे, या रे कोणीतरी!”

दारावर धडका बसू लागल्या. मिहिरने टेबलाची कड घट्ट धरली. तो देवाला विनवत होता. कुठल्या, ते त्याला सांगता आलं नसतं. लाकूड करकरलं, काहीतरी कोसळलं आणि मग फोनमधून काहीच येईना.

“ताई?” रेवती म्हणाली. “ताई, बोला ना.”

“पडलेत. खिडकीखाली.” द्रौपदीताई धापा टाकत होत्या. “आहेत, आहेत. श्वास चालू आहे. डोळे उघडले बघा. अगं, पाणी आण कोणीतरी!”

रेवती दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलवायला लागली. मिहिरला रडू फुटलं. सगळं ऑफिस बघत होतं, त्याची त्याला लाज वाटली नाही.

“काका, तुमचा रोजचा फोनवाला आहे,” द्रौपदीताई म्हणाल्या. त्यांनी फोन म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरला असावा, कारण आता जड श्वास ऐकू यायला लागला. मिहिरने डोळे पुसले आणि फोन जवळ ओढला. घाई केली नाही.

“काल तू थांबलंस नाय रे,” धोंडिराम म्हणाले. “म्हणान आज धावलंय.”