हातात रुतलेला चुडा

"बांगड्या निघत नाहीत, मावशी. फोडाव्या लागतील," नर्स म्हणाली, तशा लीलाबाई खाटेला बिलगून उभ्या राहिल्या.

खाटेवर त्यांची सून संयोगिता डोळे मिटून पडली होती. आठवा महिना. कालच गावी, कुंडलला, घरी तिचं ओटीभरण झालं, मोठ्या हौसेनं. कासारणीनं साबण लावून कसाबसा हिरवा चुडा चढवला, तेव्हा बायका हसत सुटल्या, "कशी अंगानं भरलीया बघा! दृष्ट काढा पोरीची." लीलाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. रात्री ती डोकं लय ठणकतंय म्हणाली, तेव्हा परत ओवाळल्या. आज सकाळी तिला समोरचं माणूस दिसेना, तेव्हा कुठं गाडी करून सांगली गाठली.

"बीपी भलतंच चढलंय. हातांवरची ही सूज त्याचीच," नर्स घाईनं म्हणाली. "झटका आला तर आई आणि बाळ दोघंही हाती लागायची नाहीत. सलाईन लावायचंय, शीर सापडू दे मला."

"आवं, हिचा मालक मिलिटरीत हाय, तिकडं बर्फात. त्याचा फोनबी लागंना. आन् मी हिचा चुडा फोडू?"

नर्सनं काच रुतू नये म्हणून कापसाचा बोळा बांगड्यांखाली सारला. "धरा हात."

"थांबा. मीच करते."

परक्याच्या हातून ते व्हायला नको होतं. लीलाबाईंनी मनगटाखाली पदर धरला आणि एकेक बांगडी चिमटीत धरून मोडली. फुटलेला तुकडा न् तुकडा पदरात गोळा केला. 

"आत्या, त्यांचा फोन आला?" संयोगितानं सासूकडे न बघताच विचारलं.

"यील. गप पड."

तिला आत नेलं, दार लागलं. पदरात काचा तशाच होत्या. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. चुडा फोडला आणि लगेच हा फोन; मिलिटरीतून काही वाईट कळवायला तर नसेल? लीलाबाईंनी तो कानाला लावला.

"आई, मी धैर्यशील. रेंजच नव्हती, दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतोय. ती कशी हाय?"

"आधी तुझं सांग. तू धड हायस न्हवं?"

"मला काय हुतंय? आई, ती कशी हाय?"

लीलाबाईंची नजर दारावरून हलेना.

"बोलत ऱ्हा बाबा," त्या म्हणाल्या. "ह्ये दार उघडूस्तोवर फोन ठिवू नगंस."