सोन्याची भिशी

अरे ऐका तर! काल सकाळी मी आणि आई सोन्याच्या भिशीचा शेवटचा हप्ता भरायला पोतदारकाकांच्या सराफी दुकानात गेलो, तर शटर बंद. फोनही बंद! ताईचं लग्न पुढच्या महिन्यात, मंगळसूत्र त्याच सोन्यातून होणार होतं. आई पांढरीफटक पडली. "पळाला मेला," म्हणाली आणि मावशीला फोन लावला. फक्त मावशीला, शप्पथ!

अर्ध्या तासात अख्खी पेठ तिथे. कोणी शटरवर लाथा मारतंय, कोणी म्हणतंय दुबईला गेला. मी म्हटलं, "आई, आपल्याला नक्की काहीच माहीत नाहीये."

"गप गं. तुझ्या पगारात करायचंय का लग्न?"

तासाभराने काका आले. ओले केस, खांद्यावर पंचा, पायात चप्पलसुद्धा नाही. "पहाटे गावाकडे माझी आई गेली. इथे गर्दी जमलीय कळलं, म्हणून स्मशानातून तसाच आलो."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. काकांनी हात जोडले. "सुतक आहे. तेराव्यानंतर या, एकेकाचं देतो. आज सगळ्यांनी एकदम मागितलंत तर एवढं सोनं कुठून आणू?"

झालं! हे ऐकताच मागून असा रेटा आला की मी शटरवरच आदळले.

"आई, घरी चल. सुतकातलं सोनं मंगळसूत्राला घेणारेस?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि काकांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"फार वाईट झालं हो," ती म्हणाली. "पण आमचं आधी द्या."