दिवालीबाईचे हात

पुना पाटलांचा पणतू, झुलाल पाटलांचा नातू, अभिमनचा तान्हा मुलगा अंगभर लाल चट्टे उठून रडू लागला. आजी वच्छलाबाईंनी धुणे धुणाऱ्या दिवालीबाईच्या हातांवरील भेगा पाहिल्या आणि तिला भर गल्लीत हाकलले, "तुनी खरूज मना नातूले लागनी!"

मग बाळाची दुपटी त्या स्वतः धुऊ लागल्या. रेडिओवरची जाहिरात ऐकून त्यांनीच आणवलेल्या, दिवालीबाईलाही धुण्यासाठी दिलेल्या त्याच पावडरीने. चट्टे वाढतच गेले आणि पंधरवड्यात त्यांच्याही बोटांना तशाच भेगा पडल्या.

पदराखाली हात झाकून त्या दिवालीबाईच्या वस्तीवर गेल्या. ती दारात रिठ्याच्या फेसात लुगडी धूत होती. तिचे हात बरे झाले होते.


आजूबाजूच्या बाया जमल्या. त्या सगळ्यांसमोर वच्छलाबाईंनी पदर बाजूला सारला. "दिवाली, तुले खरूज नव्हतीच, मी आनेल पावडरनंच हाई काम. भर गल्लीत बठ्ठासमोर बोलनू, आते बठ्ठासमोरच माफी मांगस."