ब्रेकमधली हवा

टॅक्सीवाला अर्ध्या तासात येऊन, प्रवासी घेऊन थेट घाट उतरणार होता. त्याची गाडी गॅरेजबाहेर काढावी म्हणून गॅरेजवाल्याच्या लेकीने ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात रुतावं तसं तळाला टेकलं. ब्रेकचं काम काल बाबांनी केलं होतं, आणि चाळीस वर्षांत त्यांचं काम कुणी तपासलं नव्हतं.

ती गाडीखाली शिरली. मागचं चाक आतून ब्रेक ऑइलने ओलं झालेलं. ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, ते निपल, बाबांनी आवळलंच नव्हतं. बोटानेसुद्धा फिरत होतं.

"अगं, काय झालं?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"काही नाही. पाइप जुना झालाय, हवा शिरलीय. तुम्ही आत बसून पेडल मारा."

"दाबा... धरा... सोडा..." बुडबुडे थांबेपर्यंत ती ओरडत राहिली. नजर सारखी फाटकाकडे जात होती. अखेर पेडल घट्ट झालं. तिने निपल आवळलं, पुन्हा तपासलं, रस्त्यावर दोनदा करकचून ब्रेक मारून पाहिला.

टॅक्सीवाला आला. "काकांनी केलंय ना? मग काळजी नाही," म्हणत निघून गेला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा दारातून हलले नाहीत. मग त्यांनी खिशातला पाना काढून तिच्या हातावर ठेवला.

"पाइप जुना नाही, पोरी. कालच मी नवा घातलाय. यापुढे आवळायचं काम तुझं. मी पेडलवर बसेन."