काकूच्या लुगड्याचा रंग

काकूचं लुगडं मोरपंखी झालं खरं, पण दाराशी पडलेला कांद्यांचा ढीगही मोरपंखी झाला.

"फुकटातलं सॉफ्टवेअर असंच," श्रेया वैतागली. "एका रंगावर क्लिक केलं की फोटोत तसला रंग जिथं दिसेल, तिथं तो बदलतं."

"मोरपंखी कांदे!" आईला हसू आवरेना. "लई भारी. उद्या वास्तुशांतीला तुझ्या भामाकाकूला तेच दे."

श्रेया बाळंतपणासाठी चितेगावला माहेरी आली होती. मांडीची जागा पोटानं घेतलेली, म्हणून लॅपटॉप स्टुलावर होता. समोर आई कात्री घेऊन श्रेयाची जुनी सुती साडी कापत बसली होती.

"अगं, तयार झबली मिळतात दुकानात."

"मिळू दे. आपल्यात पहिलं झबलं आईच्या जुन्या लुगड्याचं असतं."

"मग तुझी साडी काप. किती मऊ आहे ती."

"माझी कशी चालंल? बाळ तुझं हाय."

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. श्रेया पुन्हा फोटोकडे वळली. तिच्याच बारशाचा फोटो. मधे हिरव्यागार साडीत आई, मांडीवर तान्ही श्रेया. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, नवसानं झालेली. मागे दाराला टेकून भामाकाकू, विटक्या जांभळ्या लुगड्यात. काकूनं हा फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही. लुगडं बघा कसलं विटकं, म्हणायची. तेव्हापासून तो पेटीतच होता.

आता काकूचं पडेगावला नवं घर झालं होतं. त्या घरात हा फोटो लागावा, असा आईनं ध्यासच घेतला होता.

"रंग असा दे की तिला नाय म्हणता येऊ नये," आई म्हणाली. "तिचे उपकार फिटायचे नायत माझ्याकडून."

हे श्रेयानं लहानपणापासून ऐकलं होतं. दिवाळीची पहिली साडी आई जावेला घ्यायची, मग स्वतःला. जावाजावांचं इतकं गूळपीठ साऱ्या गावात नसेल. आई आजारी असताना काकूनं स्वतःच्या दोन पोरांबरोबर श्रेयालाही सांभाळलं होतं, त्याचंच हे असणार. श्रेयालाही काकूविषयी फार माया होती. म्हणून तर पाठ दुखत असूनही ती बसली होती.

तिनं सॉफ्टवेअरला बजावलं, अगदी हाच रंग धर, जवळपासचे नको. मग पुन्हा लुगड्यावर क्लिक केलं. निवडलेल्या भागाभोवती तुटक रेघ पळू लागली. या वेळी कांदे सुटले. दारावरची सावली सुटली. आईच्या साडीला तर रेघ शिवलीही नव्हती. बाळाचं झबलं मात्र काही केल्या सुटेना.

श्रेयानं फोटो मोठा केला. लुगड्यावर बारीक पांढरे ठिपके होते. झबल्यावरही तसेच.

"आई, हे बघ ना. झबलं काकूच्या लुगड्यापासून वेगळं होतच नाहीये."

आई उठून जवळ आली. वाकून तिनं फोटो बघितला. तिचे डोळे भरून आले. तिनं श्रेयाच्या केसांवरून हात फिरवला.

"दोन्ही मोरपंखी कर," ती म्हणाली. "एकाच लुगड्यातलं हाय ते."