कुमुदिनी काकू कुणाच्या?

"जिचं घर पाहिलं नाही, तिच्या हाती पोर देऊ नये," मैत्रीण निशिगंधाने शलाकाला दिवाळीतच सांगितलं होतं.

शलाकाने ते हसण्यावारी नेलं. "अगं, प्रणवच्या आई आहेत त्या. आता काय त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन करू?"

एरवी असं काही हसण्यावारी नेणारी ती नव्हती. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहायला आल्यापासून जुईसाठी पाहिलेलं प्रत्येक पाळणाघर तिने काही ना काही कारणाने नाकारलं होतं. बागेतसुद्धा ती फाटकाकडे तोंड करून बसायची. पण कुमुदिनी काकूंपुढे तिचा संशयी स्वभाव चालत नसे. गणपतीपासून दर रविवारी काकू मराठी मंडळाच्या हॉलवर सगळ्यांच्या आधी हजर असत. मागच्या खोलीत सतरंजी घालून त्या पोरांना गोष्टी सांगायच्या आणि बाहेर पोरांच्या आया निवांत लेझीम खेळायच्या. तीन वर्षांची जुई तर त्यांच्या मांडीवरून उठायची नाही. डच आज्यांना म्हणतात तसं त्यांना 'ओमा' म्हणायची.

आज संक्रांतीचं बोरन्हाण होतं. बोरं मिळाली नाहीत म्हणून त्यांच्या जागी द्राक्षं आली होती आणि ती आता सगळ्यांच्या पायाखाली चिरडली जात होती. शलाका चुरमुरे झाडत होती. मान वर केली तर जुई दिसेना.

मागच्या खोलीत बाकीची पोरं होती. जुई नव्हती. काकूही नव्हत्या. जुईचं जॅकेट मात्र खुंटीलाच होतं.

"प्रणव, तुझ्या आई कुठे गेल्या रे?"

प्रणव तिळाचा लाडू फोडत होता. "आई? धुळ्याला आहे. का गं?"

"कुमुदिनी काकू विचारतेय मी."

"त्या माझ्या आई कशाने झाल्या? सुरुचीच्या सासूबाई ना त्या?"

सुरुची हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. "माझ्या सासूबाई असत्या, तर मी असला ब्लाउज घालून आले असते का? नीलांबरीकडे राहतात त्या."

दोघी-तिघी हसल्या. नीलांबरी हसली नाही. "माझ्याकडे कुणीच राहत नाही," ती म्हणाली.

मग हॉलमधला एकेक आवाज बंद होत गेला. काकू दिसल्या की वाकून नमस्कार करायचा, गुडघे कसे आहेत विचारायचं, चहा द्यायचा. आडनाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वडीलधाऱ्या बाईला आडनाव काय विचारायचं? कुणाची तरी आई असणारच.

आता शलाकाला भराभर आठवायला लागलं. सगळ्यांचे आईबाबा तीन महिन्यांचा व्हिसा संपला की परत जातात. काकू गणपतीपासून इथेच. त्यांना येताना कुणी पाहिलं नव्हतं, जातानाही नाही. फोटो निघायला लागले की त्या आत निघून जात. आणि मागच्या रविवारी त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "शुगरच्या गोळ्या असतील का गं तुझ्याकडे? कुणाच्या उरलेल्या?" तेव्हा "तुमच्या डॉक्टरांना विचारा ना काकू," म्हणून ती लेझीम घ्यायला पळाली होती.

कोण बाई ही? आणि जुईला घेऊन कुठे गेली?

"मी पोलिसांना फोन करते."

"थांब जरा." मंडळाचे अध्यक्ष विनायकदादा पुढे आले. हॉलची किल्ली त्यांच्याकडेच असायची. "लगेच पोलीस कशाला? आले की सगळ्यांचे कागद तपासत बसतील. मंडळाचं नाव खराब होईल. मी पार्किंगमध्ये बघून येतो."

"दादा, माझी मुलगी आहे ती."

"दोन मिनिटं दे मला. आपलेच लोक आहेत."

ते गेले आणि तसेच परत आले. चेहरा पार उतरला होता.

"गाडीत नाहीत," ते म्हणाले.

शलाकाने फोन लावला. स्वतःचा पत्ता सांगताना तिला घराचा नंबर आठवेना. तेवढ्यात तिचा नवरा, अभिजित, धापा टाकत दारात आला.

"मिळाली. मागच्या बसस्टॉपवर. अँब्युलन्स बोलाव."

जुई बाकावर पाय हलवत बसली होती. काकूंचा स्वेटर तिला घोट्यापर्यंत आला होता. बाकाखाली, गोठलेल्या फरशीवर, काकू आडव्या पडल्या होत्या. अंगावर नुसती साडी. ओठ निळे.

"ओमा स्लाप्ट," जुईने तोंडावर बोट ठेवून सांगितलं. ओमा झोपलीय. मग अर्धं डच, अर्धं मराठी करत तिने बाकीचं सांगितलं. ती बदकांच्या मागे पाण्यापर्यंत गेली होती. ओमा पळत आली. ओमाने तिला ओढून वर काढलं.

स्वेटरच्या आत जुईचे पाय चिंब ओले होते.

शलाका खाली बसली आणि काकूंचे तळवे चोळू लागली.

अँब्युलन्समधल्या बाईने काकूंच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि तोंड वाकडं केलं. औषधं कोणती घेतात? विमा कुठला? घरचं कुणी आहे का इथे?

"आम्ही यांना ओळखत नाही," शलाकाच्या मागे उभे असलेले विनायकदादा स्वच्छ डचमध्ये म्हणाले. "आमच्या मंडळाशी यांचा संबंध नाही."

काकूंच्या पापण्या हलल्या. शलाका वाकली. "काकू, इथे कोण आहे तुमचं? नाव सांगा फक्त. मी कळवते."

काकूंची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, क्षणभर तिथे राहिली आणि परत आली.

"कुणी नाही गं."

स्ट्रेचर उचललं, तेव्हा त्यांनी शलाकाचं मनगट धरून तिला जवळ ओढलं.

"विनूला सांग," त्या पुटपुटल्या, "आई कुणाला काही बोलली नाही."