छापलेला एकोणसत्तर

"मी सही करणार नाही."

नकाशाबाईंनी कागद साहेबांकडे परत सरकवला. अभिलेखागारात सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. हात लावला तर तुकडा पडेल असे जुने नकाशे वर्षभर जिवापाड जपत त्यांनी स्कॅन केले होते. त्यांनी भरलेली डिस्क आज जमा करायची होती. डिस्कच्या खोक्यावर लिहिलं होतं एक हजार जीबी. डिस्क काठोकाठ भरली होती आणि संगणक सांगत होता, नऊशे एकतीस.

"मग एकोणसत्तर जीबीचे नकाशे गेले कुठे?" साहेब म्हणाले. "'माझ्या निष्काळजीपणामुळे पुसले गेले', एवढंच लिहिलंय. सगळेच सही करतात. हात चालून जातो बाई, आपल्यालाही कळत नाही. सही नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

बाईंचं डोकं सणकलं. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. पण न केलेलं पाप पदरात घेऊन त्यांना घरी जायचं नव्हतं. त्या तडक कपाटाकडे गेल्या. एक नवी डिस्क काढली, साहेबांच्या डोळ्यांदेखत तिचं सील फोडलं आणि ती संगणकाला जोडली.

पडद्यावर आकडा आला. नऊशे एकतीस.

"कोरी करकरीत आहे. जिच्यात अजून काही भरलंच नाही, तिच्यातलं मी काय पुसलं, तेवढं सांगा."

साहेबांनी फोडलेलं सील उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"कारखानेवाले किलो म्हणजे हजार धरतात," बाई म्हणाल्या. "संगणक एक हजार चोवीस धरतो. किलोला फरक चिमूटभर. मेगा, गिगा असं वर चढत गेलं की तो फुगत जातो. हरवलेलं काहीच नाही. दोघांची मापं वेगळी आहेत."

"बरं, मिटलं मग." साहेबांनी कागद फाडायला घेतला.

बाईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. आता कुठे त्यांनी तो नीट पाहिला. नावाची जागा कोरी होती, तारखेची कोरी होती. एकोणसत्तर मात्र छापलेला होता.

"हा छापलेला कसा?"

"दरवर्षी तेवढाच येतो ना," कोपऱ्यातला कारकून निरागसपणे म्हणाला. "हाताने कोण लिहीत बसणार? गठ्ठाच छापून घेतला."

"फाइल आणा. ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या, त्या एकेकाला मी कळवणार आहे."

"कशाला जुनं उकरून काढता, बाई?" साहेबांचा आवाज खाली आला होता. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. फाइल आली. बारा वर्षांचे बारा कागद. सगळ्यात जुना तेवढा हाताने लिहिलेला होता, आणि खालची सही रोज बघण्यातली होती.

बाईंनी तो उचलून टेबलावर ठेवला.

"तुम्हीसुद्धा काही पुसलं नव्हतंत, साहेब."